वाचन गट चालू ठेवा, त्यातली व्याख्यानं थांबवा

सोलापुरातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, मुद्द्याचा भाग असा:

"गेल्या वर्षी मी आणि आमच्या ग्रंथपाल मॅडमनी मिळून प्राध्यापकांचा वाचन गट सुरू केला. विषय एकच, माणूस नीट शिकतो कसा याबद्दल संशोधन काय सांगतं. महिन्यातले दोन शनिवार, शेवटच्या तासानंतर, ग्रंथालयात. एकाने शोधनिबंध वाचून पीपीटी करायची, मांडायचा, मग चर्चा. पहिल्या बैठकीला खुर्च्या पुरल्या नव्हत्या. आता चार-पाच जण उरलोय. गणिताचे ज्येष्ठ सर म्हणाले, 'हे सगळं अमेरिकेतल्या पोरांवर केलंय, आपली पोरं वेगळी.' तासिका तत्त्वावरचे सहकारी थांबत नाहीत. 'बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे' असे मुलांचे प्रकार असतात का, यावरून एकदा जोरात वाद झाला आणि दोघांनी येणंच सोडलं. प्राचार्य सरांचा पाठिंबा आहे, पण त्यांना नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालासाठी बॅनर, फोटो आणि अहवाल हवा असतो. मी माझ्या वर्गात रोज छोटे प्रश्न विचारायला लागले, तर एफवायच्या मुलांनी फीडबॅकमध्ये लिहिलं, 'मॅडम शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.' माझं काही चुकतंय का? गट बंद करू का? आणि चालवायचाच असेल तर इंग्रजीत की मराठीत?"

प्रिय मॅडम,

गट बंद करू नका. चार-पाच माणसं उरली म्हणून मन लहान करू नका. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून प्राध्यापकांचे असे शिकण्याचे गट चालवले गेले. ते मुद्दामच लहान ठेवायचे आणि वर्षभर चालायचे. खुर्च्या पुरल्या नाहीत ती तुमची पहिली बैठक खरं तर सभा होती. गट आत्ता झालाय.

तुमच्या पत्रात मला खटकली ती बैठकीची रीत. एक जण बोलतो, पीपीटी पुढे सरकते, बाकीचे ऐकतात, शेवटी चर्चा, मग चहा. ज्या प्रकारच्या शिकवण्याबद्दल हे संशोधन शंका घेतं, त्याच प्रकारे तुम्ही ते संशोधन एकमेकांना शिकवताय. ऐकताना सगळं पटतं. सोमवारी वर्गात उभं राहिलं की त्यातलं काही हाताशी येत नाही. असं तीन-चारदा झालं की माणूस यायचा थांबतो, आणि त्याला त्याबद्दल बोल लावता येत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग तुमच्या गटाने वाचला असेलच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. काहींनी तो पाच-पाच मिनिटांच्या चारही फेऱ्यांत फक्त वाचला. काहींनी पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी १४ वेळा वाचला होता, दुसऱ्यांनी साडेतीन वेळासुद्धा नाही. आणि आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा जास्त भरवसा कोणाला होता? चार फेऱ्या वाचणाऱ्यांना.

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोपं गेलं की आपल्याला वाटतं आलं. अडखळलो की वाटतं जमत नाही. ही फसगत एफवायच्या मुलाची होते तशी पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकाचीही होते. पीपीटी ऐकून घरी जाणारा तुमचा सहकारी म्हणजे चार फेऱ्या वाचणारा तो विद्यार्थीच. म्हणून माझं एकच सांगणं आहे: गटात जे वाचाल ते आधी गटावरच करून बघा.

म्हणजे असं. पीपीटी बंद. निबंध अख्खा नको, त्यातली चार-पाच पानं ग्रंथपाल मॅडमनी छापून ठेवावीत आणि सगळ्यांनी तिथेच बसून शांतपणे वाचावीत. घरी वाचून या म्हटलं की निम्मे जण न वाचता येतात आणि मग अवघडून गप्प बसतात, ते टळेल. वाचून झालं की पानं उलटी ठेवायची आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं, काय आठवतं ते लिहायचं. मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, शेवटी पानं उघडून चुका दुरुस्त करायच्या. दुरुस्तीची ही पायरी गाळू नका. आठवताना चूक झाली आणि ती तशीच राहिली, तर चूकच पक्की होण्याची भीती असते. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं मागच्या बैठकीवरच्या प्रश्नाला द्या, कागद न बघता.

ज्येष्ठांना हे सुरुवातीला अपमानासारखं वाटू शकतं. कोणाला किती आठवलं हे मोठ्याने विचारायचं नाही, कागद ज्याचा त्याच्याकडे, हे आधीच ठरवून टाका. विसरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, स्वतःचं विसरणं मोजून १८८५मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याच्या अभ्यासाची सुरुवातच अशी एका विद्वानाने स्वतःच्या विसरण्यापासून केली.

आणि निबंध कमी करा. सत्रात तीन पुरे झाले. वर सांगितलेला रोडिगर-कार्पिकींचा एक. दुसरा डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा २०१३चा आढावा. त्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या आणि त्यांतल्या दोनच सर्वाधिक उपयोगाच्या ठरवल्या: स्वतःची चाचणी घेत राहणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळींखाली रेघा मारणं या दोन्ही पद्धती खालच्या वर्गात पडल्या. आपल्या मुलांची गाईडं रंगीत पेनांनी किती भरलेली असतात, तुम्ही रोज बघता. तिसरा निबंध गणिताच्या सरांसाठी आहे.

सरांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. तुम्हीही घ्या. त्यांच्याशी अमेरिकेतली पोरं आणि आपली पोरं यावर वाद घालू नका, त्यांना त्यांच्या विषयातलं काही विचारा. एकाच प्रकारची गणितं ओळीने सोडवावीत, की वेगवेगळ्या प्रकारची मिसळून? रोहरर आणि टेलर यांचा २००७चा प्रयोग याच प्रश्नावर आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. सरावाच्या वेळी एका प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर.

आता सरांना विचारा, इंटिग्रेशन शिकवताना काय होतं? सब्स्टिट्यूशनच्या उदाहरणसंग्रहातली गणितं मुलं फटाफट सोडवतात. बाय पार्ट्सचीही, पार्शल फ्रॅक्शनचीही. पेपरात तीच गणितं एकाखाली एक आली की हात थांबतो, कारण या गणिताला कोणती पद्धत लावायची हे ठरवायचा सराव कधी झालेलाच नसतो. उदाहरणसंग्रहाच्या मथळ्यातच पद्धतीचं नाव छापलेलं असतं. हे सरांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यांच्याकडे निरीक्षण आहे, तुमच्या गटाकडे त्याचं स्पष्टीकरण आहे. त्यांनी एका तुकडीला मिसळलेला सराव द्यावा, दुसरीला नेहमीचा, आणि काय दिसलं ते गटाला सांगावं. सोलापूरच्या पोरांवर केलेला प्रयोग हवा असेल तर तो त्यांच्याइतका चांगला कोण करणार? एका वर्गातल्या निरीक्षणावरून सिद्धांत होत नाही हे गणिताच्या माणसाला सांगावं लागणार नाही. पण पुढच्या वर्षी सराव कसा द्यायचा एवढं ठरवायला ते पुरेल.

आपली पोरं वेगळी आहेत, हेही अर्धं खरं आहे. आठवण्याचा किंवा अंतराने अभ्यास करण्याचा फायदा गाव बघून ठरत नाही. पण त्या पोरांच्या दिवसात काय काय भरलेलं असतं, याने फार फरक पडतो. तुमच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं आहेत. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी आहेत. त्यांच्यापुढे रसायनशास्त्र येतं ते इंग्रजीतून. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ स्वेलर यांचा १९८०च्या दशकातला सिद्धांत यावरच उभा आहे की नवशिक्याच्या मनात एका वेळी फार थोडं मावतं. अनोळखी भाषेतलं वाक्य लावण्यात ते मन भरलं, तर मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक ठेवायला जागा उरत नाही. म्हणून अशा मुलांना पहिल्याच दिवशी अवघड गणित देऊन 'विचार करा' म्हणू नका. आधी दोन-तीन गणितं पायरी-पायरीने पूर्ण सोडवलेली द्या, मग एक पायरी रिकामी ठेवलेलं, मग संपूर्ण त्यांचं. हार्वर्डच्या एरिक मझुर यांनी १९९१पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात एक साधी रीत चालवली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ती रीत तुमच्या वर्गात तेलुगूत होऊ दे, कन्नडमध्ये होऊ दे. उत्तर इंग्रजीत लिहिलं की झालं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमच्या वर्गात विडी घरकुलातून येणारी एखादी मुलगी असेल, घरी गेल्यावर आईबरोबर विड्या वळायला बसणारी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा मुलगा असेल. मोहोळहून एसटीने ये-जा करणारे असतील. या मुलांना 'घरी जाऊन उजळणी करा' असं आपण सहज म्हणतो. घरी ती वेळ नाही, ती जागाही नाही. ज्याच्याकडे अभ्यासाची खोली आणि क्लासची फी आहे त्याची उजळणी आपण न सांगताही होते. उरलेल्यांची उजळणी होण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे तुमचा तास. तासाची पहिली सात-आठ मिनिटं मागच्या आठवड्यातलं आठवून लिहायला दिली, तर त्या मुलीच्या वाट्याला जे येतं ते दुसरं कोणी तिला देणार नाही. पोर्शन मागे पडेल ही भीती मला ठाऊक आहे. पण फळ्यावर पुढे गेलेला आणि डोक्यातून पुसला गेलेला पोर्शन पूर्ण झाला असं मी मानत नाही.

आता तुम्हाला लागलेला तो अभिप्राय, 'मॅडम शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.' तो अपयशाचा पुरावा समजू नका. देलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांत हेच तपासलं आणि २०१९मध्ये प्रसिद्ध केलं. वर्गात स्वतः प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण खूप शिकलो असं वाटलं आणि गुण कमी मिळाले. तुमच्या एफवायच्या मुलांनी जे लिहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलंय. त्यांना खरंच तसं वाटतंय.

त्यावर उपाय म्हणजे त्यांना विश्वासात घेणं. एक अख्खा तास द्या. ८३, ७१, ४०, ६१ हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि त्यांनाच अर्थ लावू द्या. शक्य असेल तर एक छोटा उतारा घेऊन वर्गातच करून बघा, निम्म्यांनी वाचायचं, निम्म्यांनी आठवायचं, पुढच्या आठवड्यात मोजायचं. आणि रोजच्या प्रश्नांना गुण ठेवू नका, कागद गोळाही करू नका. आपल्याकडे चाचणी म्हटलं की मुलांना घरी दाखवायची मार्कशीट आठवते. 'कच्चं लिहा, चुकलं तरी चालेल, लगेच बरोबर उत्तर बघूया,' असं म्हणून सुरू करा. व्याख्यान पूर्ण सोडायची गरज नाही. तुम्ही चांगलं समजावून सांगत असाल, तर ते सांगणं त्यांना हवंच आहे. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना वर्गात काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८. त्यातलं 'काही करायला लावणं' म्हणजे अनेक ठिकाणी व्याख्यानाच्या मधेमधे पेरलेले प्रश्नच होते.

बघून, ऐकून आणि करून शिकणाऱ्यांच्या वादाबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्याचा प्रकार ओळखून त्याला त्याच प्रकारे शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा आधार नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं. तेव्हा तुम्ही या प्रकारांवर शंका घेतली असेल, तर वस्तुस्थितीबाबत तुमची बाजू बरोबर असावी. पण तुमचे ते दोन सहकारी ही कल्पना बहुधा कुठल्या तरी प्रशिक्षणात, छापील प्रश्नावलीसकट शिकून आले असतील, आणि आपल्या विद्यार्थ्यांची काळजी म्हणूनच वापरत असतील. त्यांना भेटा. रेणूची रचना शिकवताना मॉडेल हातात देणं सगळ्याच मुलांना उपयोगी पडतं, हे दोघांनाही मान्य होईल. तिथून पुन्हा सुरुवात करा. आपण बरोबर होतो हे त्यांच्याकडून वदवून घेण्यापेक्षा ते दोघं परत येणं गटासाठी मोलाचं आहे.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना शेवटच्या तासानंतर थांबवू नका, हे मी जरा जोर देऊन सांगते. त्यांना मोबदला तासाचा मिळतो. त्यांतले कितीतरी जण तिथून दुसऱ्या कॉलेजला किंवा क्लासला पळत असतात. बिनपगारी थांबा आणि शिका, हे सांगायचा हक्क कोणालाच नाही. बैठक कामाच्या वेळेत, वेळापत्रकातल्या सामाईक मोकळ्या तासाला घ्या. असा तास नसेल तर तो काढून देणं प्राचार्यांच्या हातात आहे. तेच त्यांच्याकडे मागा.

मागताना नॅकचा विषय टाळू नका, कारण प्राचार्य सरांची गरजही खरी आहे. त्यांना म्हणा, बॅनरऐवजी सत्राच्या शेवटी प्रत्येकाचं अर्धं पान देते: मी वर्गात कोणती एक गोष्ट बदलली, काय दिसलं, काय जमलं नाही. 'काय जमलं नाही' हा रकाना नक्की ठेवा. त्याशिवाय अहवाल खरा होणार नाही, आणि पुढच्या वर्षी गटात येणाऱ्या नव्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल तोही तोच रकाना. एखादा फोटो काढायचा तर काढा, त्याने काही बिघडत नाही. फक्त फोटोसाठी बैठक पुन्हा सभा होऊ देऊ नका.

बदल मात्र एकच, आणि एकाच वर्गात. उत्साहाच्या भरात चार पद्धती एकदम सुरू केल्या की महिन्याभरात चारही सुटतात. रसायनशास्त्रासाठी मी सुचवेन तो असा: संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्ट्या येतात. त्याआधी शिकवलेल्या भागावरचे पाच प्रश्न सुट्टीपूर्वी एकदा विचारा, सुट्टीनंतर पुस्तक उघडू न देता पुन्हा विचारा, आणि फेब्रुवारीत तिसऱ्यांदा. दुसऱ्या एखाद्या प्रकरणावर असं काही करू नका. सत्राच्या शेवटी दोन्ही प्रकरणांवरचे सारख्या काठिण्याचे प्रश्न ठेवा आणि फरक बघा. पुढे जमलं तर बार्शी, पंढरपूरच्या प्राध्यापकांनाही विचारा. सोलापूर विद्यापीठ २००४मध्ये झालं ते या एका जिल्ह्यापुरतंच, त्यामुळे स्वायत्त महाविद्यालयं सोडली तर अभ्यासक्रम सगळ्यांचा एकच आहे आणि तेच प्रश्न सगळीकडे विचारता येतील. पण हे पुढच्या वर्षी. यंदा चार-पाच जणच राहू द्या.

भाषेचं म्हणाल तर निबंध इंग्रजीत आहेत, ते तसेच वाचा. आठवून लिहायचं ते मात्र ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावं, आणि बोलणं मराठीत व्हावं. सहकाऱ्याला आपल्या भाषेत सांगता आलं नाही तर ते अजून नीट कळलेलं नाही असं समजून पानं पुन्हा उघडा.

गणिताच्या सरांना निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. रोहरर-टेलरच्या निबंधाची प्रत घेऊन स्वतः त्यांच्या विभागात जा, आणि इंटिग्रेशनच्या पेपरात मुलं नेमकी कुठे अडतात ते आधी त्यांच्याकडून ऐकून घ्या.